रांजणाची आण

पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या शालिवती नगरात उग्रदत्त नावाचा तरुण राजा नुकताच गादीवर बसला होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच राज्यात अमात्यपदी होते. त्या जन्मी त्यांचे नाव सोमिल. उग्रदत्ताच्या वडिलांच्या वेळेपासून राज्याचा गाडा त्यांनीच ओढला होता. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि स्वभाव असा की सगळी सभा भांडून दमली की मग हे तोंड उघडणार.

उग्रदत्ताचे अगदी उलट. त्याचे रक्त म्हणजे चुलीवरचे दूध, जरा आच लागली की उतू जायचे. राज्याभिषेकाच्या वेळी त्याने झगझगीत चिलखत आणि सोन्याचा मुलामा दिलेले शिरस्त्राण घडवून घेतले होते. आजोबांच्या शिरस्त्राणाला पोचे पडलेले होते, वडिलांच्या ढालीवर बाणांच्या खुणा होत्या. याच्या चिलखतावर मात्र एक ओरखडा नव्हता. रोज सकाळी तो ते स्वतः पुसायचा आणि रोज त्याला वाईट वाटायचे. राजाला शांततेचा कंटाळा यावा, याहून प्रजेने घाबरावे असे दुसरे काही नाही. पण प्रजेलाही तोच कंटाळा आला होता, त्यामुळे घाबरणार कोण?

अशात वैशाखातल्या एका पहाटे घाटावरून जासूद धावत आला. धापा टाकत त्याने सांगितले, "महाराज, मेखल देशात भडका उडालाय! म्हातारा राजा गेला आणि दोघे भाऊ गादीसाठी एकमेकांवर उठलेत. थोरला जयंधर एकीकडे, धाकटा रुद्रक दुसरीकडे. गावंच्या गावं पेटलीत!"

मेखल म्हणजे घाटापलीकडचा शेजारी. बातमी नगरात पसरायला वेळ लागला नाही. लोहारांचे भाते फुरफुरू लागले, घोड्यांचे भाव चढले. कालपर्यंत ज्याला मेखल देश कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक नव्हते, तोही चौकात बसून जयंधराने डावी बगल कशी सांभाळायला हवी होती ते सांगू लागला. कोणता भाऊ जिंकणार यावर पैजा लागल्या. शेजारच्या घराला आग लागली की पाण्याची घागर उचलणारे थोडे, गच्चीवर चढून बघणारे फार.

राजसभा भरली. सेनापती काळहस्ती मिशीवर ताव देत उठला. "महाराज, शेजारी स्वतःच्याच झिंज्या उपटत बसलाय. आत्ता घुसलो तर पावसाळ्याच्या आत अर्धा मेखल आपला!"

नगरश्रेष्ठी धनंजक मान हलवत म्हणाला, "घुसायचं कशाला? दोघांनाही घोडे विकू, दोघांनाही भाले विकू. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ."

उग्रदत्ताच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्याला दोन्ही बेत आवडले. त्याने अमात्यांकडे पाहिले. "अमात्य, तुम्ही गप्प का?"

"घाटातल्या चौकीवर रांजण वाढवायला सांगितलेत," बोधिसत्त्व म्हणाले. "माणसं येतील. तहानलेली असतील."

सभेत खसखस पिकली. अख्ख्या देशाचे भवितव्य पालटायची वेळ आली आणि म्हातारबुवांना रांजण सुचतात! राजालाही हसू आवरले नाही.

पण शालिवतीत रांजण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. उग्रदत्ताचे आजोबा, राजा दीर्घबाहू, तरुणपणी एका लढाईत हरून जखमी भावाला पाठीवर घेऊन परक्या वेशीवर पोचले होते. वेशीवरच्या शिपायांनी नाव विचारले, कूळ विचारले, कोणाच्या पक्षाचे ते विचारले. उत्तरे देता देता पाठीवरच्या भावाने प्राण सोडला. पुढे राज्य मिळाले तेव्हा दीर्घबाहूंनी घाटाच्या खिंडीत करंजाच्या झाडाखाली रांजण मांडले आणि आण घातली, की येणाऱ्याला आधी गूळपाणी, मग प्रश्न. या रांजणाचे पाणी जो प्यायला तो पाहुणा, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत इथल्या पाहुण्यांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचे नाही. पाहुण्याला हाकलायचे नाही, कोणाच्या हवाली करायचे नाही. चौकीवर जो सर्वांत मोठा अधिकारी असेल तो त्या दिवसाचा यजमान, आणि यजमानाने सगळ्यांच्या शेवटी प्यावे. घाटाच्या दोन्ही अंगांची माणसे भांडणातसुद्धा 'रांजणाची आण' म्हणून शपथ घेत.

सभा अजून हसत होती तोच जयंधराचा दूत आला. चांगला गोडबोल्या होता. "महाराज, आमच्या स्वामींनी मैत्रीचा हात पुढे केलाय. ताम्रगिरीची तांब्याची खाण आपल्याला नजर. बदल्यात फार काही नको. सूत्रग्रामचे कोष्टी आमचा मुलूख सोडून पळालेत. आज दुपारपर्यंत आपल्या चौकीला पोचतील. त्यांना आत घेऊ नका, एवढंच. आमचे स्वामी पाठोपाठ येताहेत."

"त्यांचा गुन्हा काय?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"रुद्रकाच्या जखमी सैनिकांना त्यांनी घरात घेतलं. मलमपट्टी केली."

"आणि परत नेऊन त्यांचं काय करणार?"

"घरचा न्याय घरात होईल," दूत म्हणाला, आणि नजर खाली वळवली.

सभेतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. उग्रदत्तालाही कळला. पण त्याने पुढे काही विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. त्याच्या डोळ्यांसमोर तांब्याचे लाल डोंगर नाचत होते. एक बाण न सोडता खाण!

दूत हळूच अमात्यांजवळ सरकला. "आपल्यालाही दोन गावं इनाम द्यायचं स्वामींच्या मनात आहे."

"मला गुडघ्याला लावायला तेल मिळालं की पुरतं," बोधिसत्त्व म्हणाले. मग राजाकडे वळून ते बोलले, "महाराज, ती माणसं चौकीला पोचली की पाणी पिणार. प्यायली की पाहुणी झाली. मग त्यांना देता येणार नाही."

"मग पाणीच मिळता कामा नये!" उग्रदत्त उठून उभा राहिला. "रांजण पालथे घाला. पाणी नाही तर पाहुणा नाही, पाहुणा नाही तर आण नाही. स्वार पाठवा!"

"स्वार चालणार नाही. रांजण पालथा घालायचा अधिकार एकट्या राजाचा, पण तो हुकमाने नाही, हाताने. दीर्घबाहू महाराजांनीच तसं ठरवून ठेवलंय. ज्याला पाणी तोडायचं असेल त्याने तिथे जावं, तहानलेल्यांसमोर उभं राहावं आणि मग तोडावं."

अमात्यांना वाटले असेल की राजा आता विचार करील. पण उग्रदत्ताचे डोळे चमकले. स्वतः जायचे! चिलखत घालून, घोडा फेकत, शर्यत लावून! त्याने मांडीवर थाप मारली. "मग मीच जातो. आत्ता जातो. बघू, कोष्टी आधी पोचतात की मी!"

आणि मग अशी काही दौड सुरू झाली की विचारू नका. नगराच्या दरवाजातून राजाचा घोडा सुटला तो बाणासारखा. मागे काळहस्ती, त्याच्यामागे स्वारांची फळी, आणि सगळ्यांच्या शेवटी आपल्या म्हाताऱ्या घोडीवर सोमिल अमात्य. लोक दुतर्फा उभे राहून जयजयकार करत होते. राजा कशासाठी निघालाय हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हते, पण तो जोरात निघालाय हे दिसत होते आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. उग्रदत्ताला वाटत होते, आजोबाही असेच निघाले असतील.

वैशाखाचे ऊन डोक्यावर आले. चिलखत तव्यासारखे तापले. राजाचा पाणक्या केव्हाच मागे पडला होता, पखालीसकट. आमराईपाशी विहीर लागली. मागून अमात्यांची हाक आली, "महाराज, इथे पाणी प्या, मग पुढे जा!"

"थांबलो तर शर्यत हरलो!" राजा ओरडला.

पुढे ओढ्याचा डोह लागला. पुन्हा हाक आली. "महाराज, घोटभर तरी घ्या. वर चौकीखेरीज पाणी नाही!"

"मी पाणी प्यायला नाही, तोडायला निघालोय!" घोड्याला टाच मारत उग्रदत्ताने उत्तर दिले. राजाच थांबला नाही, तेव्हा मागचे कसे थांबणार? घाटाच्या पायथ्याला शेवटचा झरा होता. तिथे अमात्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, पण तोवर राजा वळणाआड गेला होता.

तो खिंडीत पोचला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण त्याने शर्यत जिंकली होती! चौकीच्या दारातून पलीकडचा उतार दिसत होता, आणि उतारावरून माणसांची एक लांबच लांब रांग हळूहळू वर येत होती. पाठीवर मागांची लाकडे, काखेत पोरे. अजून अंतर होते. उग्रदत्त घोड्यावरून उडी मारून करंजाखाली धावला, पहिल्या रांजणाच्या काठाला त्याने दोन्ही हात लावले आणि ओरडायला तोंड उघडले.

आवाजच फुटेना. घसा नुसता खरवडला.

चौकीचा नाईक खेमक तिथे उभा होता. उन्हातून कोणी आले की त्याचे हात आपोआप चालत. समोर राजा आहे की रंक, हे बघायची त्याला सवयच नव्हती, कारण बघून पाणी द्यायचे नाही हाच तर तिथला नियम. त्याने गुळाचा खडा पुढे केला, रांजणात ओगराळे बुडवले आणि त्या लांब दांड्याच्या पळीतून गार पाण्याची धार धरली. ओल्या मातीचा वास आला. उग्रदत्ताच्या हातांनी त्याला न विचारता ओंजळ केली. तो प्यायला. पुन्हा प्यायला. डोके भिजवले आणि आणखी प्यायला. मागून काळहस्ती आला, तोही तुटून पडला. स्वार आले, तेही प्यायले. खेमकाचे हात भिंगरीसारखे फिरत होते.

"हां!" राजाचा आवाज परत आला. "आता बाजूला व्हा. हे रांजण मी पालथे घालणार!"

"महाराज, हात काढा," मागून कोणीतरी म्हणाले.

अमात्यांची घोडी नुकतीच खिंडीत शिरली होती. बोधिसत्त्व खाली उतरले. ओठ फुटले होते, आवाज घोगरा झाला होता, पण चालणे शांत होते. खेमकाने सवयीने त्यांच्यापुढेही ओगराळे धरले. त्यांनी ते हाताने दूर केले.

"महाराज, आपण पाणी प्यायलात?"

"प्यायलो. मग?"

"मग आपण पाहुणे झालात. पाहुण्याने यजमानाचा रांजण पालथा घालायचा नसतो."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "पाहुणा? माझ्या राज्यात? माझ्या चौकीवर? मी राजा आहे!"

"आणेत राजाला सूट नाही. आजोबांनी स्वतःलाही ठेवली नव्हती. वाटेत मी तीनदा म्हटलं, खाली पाणी प्या."

हे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच उग्रदत्ताचा संताप वाढला. "आणि इथला यजमान कोण?"

"चौकीवरचा सर्वांत मोठा अधिकारी, ज्याने पाणी घेतलेलं नाही." बोधिसत्त्वांनी आजूबाजूला पाहिले. सेनापती, स्वार, शिपाई, सगळ्यांचे ओठ ओले होते. "म्हणजे आज मी."

उग्रदत्ताचा एक हात तलवारीच्या मुठीवर गेला, दुसरा अजून रांजणावर होता. सगळे स्वार बघत होते. त्याने मनात आणले असते तर आण मोडायला त्याला कोण अडवणार होते? म्हाताऱ्याला ढकलले, रांजण लोटले, की खाण हातात.

एवढ्यात रांगेतली पहिली बाई चौकीच्या दारात पोचली. भद्रिका तिचे नाव, कोष्ट्यांतली सर्वांत वयस्कर. घर जळले होते, माग जळला होता, फक्त विणायचा धोटा तेवढा तिने कमरेला खोचून आणला होता. उन्हाने तिला धड दिसतही नव्हते. रांजणाला हात लावून उभा असलेला एक माणूस दिसला, तो पाणी वाढणाराच असणार असे तिला वाटले. ती सरळ त्याच्यासमोर आली आणि तिने ओंजळ पुढे केली.

"वाढ रे बाबा," ती म्हणाली. "पोरं मागं आहेत. मी घोटभरच घेते."

उग्रदत्ताने त्या ओंजळीकडे पाहिले. रंगाने निळी पडलेली बोटे, दोऱ्यांनी कापलेले तळवे. सभेत 'सूत्रग्रामचे कोष्टी' हे फक्त दोन शब्द होते. आता ते थरथरणारे दोन हात झाले होते, आणि ते त्याच्याकडून पाण्याची वाट बघत होते. आजोबांनी हुकमाने नाही, हाताने का सांगितले होते ते त्याला कळले. कळायला नको होते, पण कळले. त्याने रांजणावरचा हात काढून घेतला आणि तोंड फिरवले.

"वाढा," बोधिसत्त्व म्हणाले. "सगळ्यांना वाढा. नाव विचारू नका."

मग तिथे एकच झुंबड उडाली. कोष्टी येत होते, बसत होते, पीत होते, रडत होते. पोरे गुळाचे खडे गालात ठेवून चोखत होती. उग्रदत्त करंजाच्या बुंध्याशी बसून राहिला. खाण गेल्याची चुटपुट होतीच, खोटे कशाला बोला? पण छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखेही वाटत होते, आणि ते चिलखत नव्हते.

"धूळ!" दार लोटून घेत दारावरचा शिपाई ओरडला. "घोडदळ येतंय! जयंधराचं निशाण आहे!"

सगळे ताडकन उठले. माळरानावरून घोडदळ येत होते. पण घोडे अडखळत होते, तोंडाला फेस आला होता, स्वार खोगिरावर लवंडत होते. सकाळपासून निर्जळ माळावर पाठलाग करून त्यांची अवस्था कोष्ट्यांहून बरी नव्हती.

काळहस्ती राजाजवळ धावला. "महाराज, हे अर्धमेले आहेत! दार उघडा आणि हुकूम द्या. घटकाभरात कापून काढतो. जयंधर स्वतः आहे त्यात! खाण काय, अख्खा मेखल आपला!"

उग्रदत्ताचे रक्त पुन्हा उसळले. पहिली लढाई! आणि जिंकलेलीच! तो अर्धवट उठलाही.

"सेनापती," बोधिसत्त्व म्हणाले, "तुमच्या मिशीला अजून गूळ लागलाय."

काळहस्तीचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच थांबला. कोणीतरी फिस्सकन हसले. मग दुसरा हसला. बघता बघता सगळी चौकी हसू लागली, आणि उपसलेल्या तलवारी कोणी न सांगता म्यानात गेल्या.

"दार उघडा," यजमानाने सांगितले. "आणि आलेल्यांना पाणी द्या."

"त्यांनाही?" भद्रिका ओरडली. "माझं घर यांनी जाळलं!"

"त्यांनाही, आई. हे पाणी माणूस बघून दिलं असतं, तर मघाशी तुम्हालाही मिळालं नसतं."

तिने आपली पोरे जवळ ओढली.

घोडदळ दारात येऊन थबकले. सगळ्यांपुढे जयंधर. थोराड, धुळीने माखलेला, ओठांवर सुकलेले रक्त. त्याच्या माणसांना आण ठाऊक होती. घाटाजवळच्या पोरालाही ती ठाऊक असते. पाण्याकडे बघून त्यांचे डोळे वेडावले होते.

"कोणी पिणार नाही!" जयंधर घोगऱ्या आवाजात गरजला. "प्यायलात तर शस्त्र ठेवावं लागेल. आपण या देशद्रोह्यांना न्यायला आलोय!"

मिशा पांढऱ्या झालेला एक स्वार खाली उतरला. त्याने आपला भाला करंजाला टेकवून ठेवला आणि ओंजळ धरली. जयंधर ओरडला, पण त्या स्वाराला आणखी दोघे जाऊन मिळाले, मग दहा, मग ओळच. शेवटी खुद्द जयंधराचा घोडा धन्याला न विचारता जनावरांच्या पाण्याच्या डोणीकडे चालता झाला आणि मान खाली घालून पाणी ओढू लागला. त्याला राजकारण कोण शिकवणार?

घोड्यावर एकटा जयंधर उरला. तलवार हातात, ओठ मिटलेले. जोवर तो प्यायला नव्हता, तोवर तो पाहुणा नव्हता, आणि त्याच्या तलवारीसमोर हातभर अंतरावर कोष्ट्यांची पोरे बसली होती.

उग्रदत्ताने अमात्यांकडे पाहिले. ते करंजाला पाठ टेकून उभे होते. चेहरा मातीसारखा झाला होता. सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि अजूनही घेणार नव्हते. राजा त्यांच्याजवळ गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच परवानगी मागितली.

"यजमान, पाहुण्याने पंगतीत वाढलं तर चालतं का?"

बोधिसत्त्वांच्या फुटक्या ओठांवर हसू आले. "घरचा पाहुणा असेल तर चालतं."

उग्रदत्ताने खेमकाच्या हातून ओगराळे घेतले, रांजणात बुडवले आणि जयंधराच्या घोड्यापाशी जाऊन वर धरले.

"याची किंमत काय?" जयंधराने विचारले.

"इथे पाण्याआधी प्रश्न नसतो."

"आपला करार झालाय. खाण तुझी, माणसं माझी."

"खाण तुमच्याकडेच राहू द्या," उग्रदत्त म्हणाला. हे शब्द आपल्या तोंडून इतके सोपे बाहेर पडतील असे त्याला वाटले नव्हते. "तुम्ही थकलायत. प्या."

जयंधर कितीतरी वेळ ओगराळ्याकडे बघत राहिला. पाणी थेंबथेंब गळत होते. उग्रदत्ताचा हात भरून आला, पण त्याने तो खाली घेतला नाही. शेवटी जयंधराने तलवार म्यान केली, वाकला, आणि प्यायला. लहान पोरासारखा, दोन्ही हातांनी ओगराळे धरून. मग तो खाली उतरला आणि गुडघ्यांत डोके घालून बसला. त्याच्या शेजारी कोण बसलेय याकडे त्याचे लक्ष नव्हते. भद्रिका होती. ती सरकून बसली नाही.

"काका!" राजा धावत वळला. दरबारात तो त्यांना कधी काका म्हणत नसे. "सगळे प्यायले! आता तुम्ही घ्या!"

खेमकाने रांजण कलता केला. आत फक्त गाळ होता. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे कोरडे. इतकी माणसे आणि इतके घोडे! अमात्य बुंध्यावरून घसरत हळूच खाली बसले आणि त्यांचे डोळे मिटले.

उग्रदत्ताने कोणाला हुकूम केला नाही. त्याने चिलखताचे बंद तोडले, ते तिथेच टाकले, डोक्यावरचे शिरस्त्राण काढून हातात घेतले आणि घाट उतरत सुटला. येताना ज्या झऱ्यावर थांबला नव्हता त्याच झऱ्याकडे! पाय ठेचकाळले, धोतर फाटले, वळणावर तो तोंडघशी पडला आणि शिरस्त्राण दगडावर खणकन आपटले. त्याने ते उचलले आणि पुन्हा धावला. भरून घेऊन परत चढताना तो पाण्याकडे असा बघत होता की जणू जगातले सगळे तांबे त्यात वितळवून भरलेय. दिवस कलला होता. वर सगळे उभे राहून वाट बघत होते, दोन्ही देशांचे.

त्याने अमात्यांचे डोके मांडीवर घेतले आणि ओठांना पाणी लावले. एकदा, पुन्हा. पापण्या हलल्या.

"महाराज," बोधिसत्त्व पुटपुटले, "कोणी राहिलं का प्यायचं?"

"नाही काका," उग्रदत्त हुंदका देत म्हणाला. "तुम्हीच राहिलात."

मग ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा जयंधर आपल्या स्वारांना घेऊन रिकाम्या हातांनी परत गेला. युद्ध काही त्या एका दिवसात मिटले नाही, पण पुढे दोघा भावांना जेव्हा बोलणी करावीशी वाटली, तेव्हा त्यांना जागा शोधावी लागली नाही. शस्त्र उठणार नाही अशी एकच जागा दोघांना ठाऊक होती. कोष्टी शालिवतीत राहिले. उग्रदत्ताच्या शिरस्त्राणाला त्या दगडाचा चांगला मोठा पोचा पडला होता. तो त्याने कधी नीट करून घेतला नाही.

ही कथा पुढे शास्त्यांनी, म्हणजे बुद्धपद पावलेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, एका विहारात सांगितली. त्या दिवशी लांबून काही थकलेले भिक्षू आले होते, आणि दारावरच्या भिक्षूने त्यांना उन्हातच उभे करून विचारले होते, तुम्ही कुठले, कोणाचे शिष्य, कोणत्या गटातले? विचारता विचारता त्यांच्यातला एक वृद्ध भोवळ येऊन पडला. शास्त्यांनी सगळ्यांना जवळ बसवले आणि हे जुने सांगितले. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मी तहानलेली ओंजळ पुढे करणारी भद्रिका म्हणजे आज भोवळ येऊन पडलेला हा वृद्ध. घोड्यावरून न उतरणारा जयंधर तो माझ्याशी वैर धरणारा देवदत्त. न बघता पाणी देणारा नाईक खेमक तो माझ्या सेवेतला आनंद. सोमिल अमात्य मीच होतो. आणि राजा उग्रदत्त म्हणजे आज दारावर उभा राहून प्रश्न विचारणारा भिक्षू."

सगळ्यांनी वळून पाहिले. त्याची जागा रिकामी होती. कथा संपायच्या आतच तो घागर घेऊन विहिरीकडे गेला होता.

शास्ते म्हणाले, "प्रश्नाच्या आधी पाणी, यालाच मैत्री म्हणतात."